सहावं बोट

आमचा आयोजक बोतोंद यानं माझं चित्र स्पर्धेतून बाद केलं तेव्हा मी सांस्कृतिक भवनाच्या मागच्या अंगणात लेचोच्या रस्सेदार भाजीसाठी कांदा चिरत होते. माझ्या हातात सुरी आहे हे बघूनसुद्धा तो जवळ आला, एवढं एक त्याचं कौतुक करायला हवं.

"काविच, जरा बाजूला येतेस? बोलायचंय."

"इथेच बोल. बाजूला गेले तर लोकांना वाटेल तू मला रडवलंस. इथे निदान कांद्यावर ढकलता येईल."

काविच म्हणजे खडा. दवाखान्यात, बँकेत, शेजारीपाजारी मी एनिको आहे. पण होमोकरेव गावच्या या भवनात दर सप्टेंबरात दोन दिवस जे साठसत्तर वेडे जमतात, त्यांच्यात मी एकोणनव्वद सालापासून काविच. इथे सगळे एकमेकांना टोपणनावानं हाक मारतात आणि वय कितीही असो, अरेतुरेच करतात. बोतोंदनंही एक भारदस्त टोपणनाव घेतलंय. मी मात्र त्याला त्याच्या आईनं ठेवलेल्या नावानंच हाक मारते, कारण त्याला ते आवडत नाही.

आम्ही जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर चित्रं काढतो, संगीत रचतो. आमचं यंत्र म्हणजे प्लस फोर. बाकीच्या जगात ते चाललं नाही, उरलासुरला माल स्वस्तात हंगेरीत आला आणि आमच्या पिढीनं तो पोटाशी धरला. रंग एकशे एकवीस, एका वेळी सूर दोनच, आणि मेमरी इतकी तोकडी की आजच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. तेवढ्यात जे बसतं ते बसवायचं, आणि जे बसणार नाही असं शहाणे लोक सांगतात तेही बसवून दाखवायचं, हा आमचा खेळ. बक्षीस म्हणून आलुबुखारच्या दारूची एक बाटली मिळते. ती तर मी घरीच गाळते. इथे माणूस कमावतो ते फक्त नाव.

"दोन गोष्टी आहेत," बोतोंद म्हणाला. "एक, तू टप्पे दिले नाहीस. दोन, बोटं सहा आहेत."

हे टप्प्यांचं प्रकरण तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. हल्ली एआयच्या यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की ते आयतं चित्र काढून देतं. मग काही महाभाग ते चित्र आमच्या जुन्या यंत्राच्या रंगांत बसवून घेतात आणि 'हातानं ठिपका ठिपका काढलंय' म्हणून छाती पुढे काढून स्पर्धेत ठेवतात. म्हणून नियम झाला की चित्राबरोबर अर्धवट अवस्थेतले निदान सात टप्पे द्यायचे. आणि चोर ओळखायची सोपी खूण म्हणजे हात. त्या यंत्रांना बोटं मोजता यायची नाहीत, कुठे चार काढायची, कुठे सात. गेल्या वर्षी एकाला असाच बोटांवरून पकडला. पकडणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते, हेही सांगून टाकते.

टप्पे माझ्याकडे नव्हते. मी खऱ्या यंत्रावर, जॉयस्टिकनं काढते आणि एकाच फ्लॉपीवर, एकाच नावानं, जुन्यावर नवं साठवते. ज्या काळात एक फ्लॉपी मिळवायला बुडापेस्टपर्यंत जावं लागायचं तेव्हाची ही सवय. नियम माहीत नव्हता असं नाही. पस्तीस वर्षं मला कुणी पुरावा मागितला नव्हता, नियम झाल्यावरही नाही, आता मागतील असं वाटलं नाही. माज म्हणा हवं तर.

"तू ओळखतोस मला," मी म्हणाले.

"ओळखतो म्हणूनच मागच्या अंगणात येऊन सांगतोय. पण काविच, तुझा तो घोडा... एक्क्याण्णवचा. तो कॅलेंडरवरून उचललेला होता ना?"

"होता. ट्रेसिंग कागदावर चौकटी आखून, डोळ्यानं मोजून, तीन आठवडे. तेव्हा सगळेच तसं करायचे. तुझा जन्म झाला होता का रे?"

"तेच म्हणतोय. लोक बोलतायत." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, चारपर्यंत वेळ आहे. ते जास्तीचं बोट पुसून टाक. वीस मिनिटांचं काम. पाच बोटं असली की कुणी काही विचारणार नाही. टप्प्यांचं मी बघून घेतो."

म्हणजे चोरीचा आळ होता, पण बोट पुसलं की चोरी माफ! मी सुरी खाली ठेवली.

"पुसणार नाही."

"का पण? कुणाचा हात आहे तो?"

"बाईचा."

"कुठल्या बाईचा?"

मी परत कांदा घेतला. तो निघून गेला.

हात माझ्या आईचा आहे. डाव्या हाताला करंगळीच्या पलीकडे आणखी एक बोट, लहानसं, नखासकट, टोकाशी आत वळलेलं. सहा बोटं घेऊन जन्मलेलं मूल म्हणजे ताल्तोश, भूतभविष्य जाणणारा मांत्रिक, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. ऐकायला बरं वाटतं. शाळेत मात्र पोरं तिला चेटकीण समजून तिच्या पायवाटेवर मीठ टाकायची. लग्नाच्या फोटोत तिचा डावा हात बाबांच्या पाठीमागे आहे. डबाबंद फळांच्या कारखान्यात ती जर्दाळूच्या बिया सगळ्यांत भराभर काढायची, पण बाहेरचे पाहुणे बघायला आले की मुकादम तिला तेवढ्यापुरता हातमोजा घालायला लावायचा. कारखाना बंद पडला, मुकादम मेला, हातमोजा राहिला. अजूनही ती दुकानात जाताना डावा हात कोटाच्या खिशात ठेवते, भर जुलैत कोट घालून.

जानेवारीत एका रविवारी ती स्वयंपाकघरात अक्रोड सोलत बसली होती आणि मी समोर यंत्र लावून उगाच रेघोट्या मारत होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काय बघतेस एवढं?"

"तुझा हात."

मला वाटलं आता तो टेबलाखाली जाणार. गेला नाही. तिनं आणखी दोन अक्रोड फोडले.

"काढायचा तर अख्खा काढ," ती म्हणाली. "अर्ध्या हातासाठी मी बसणार नाही. आणि कुणाचा ते कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. एप्रिलपर्यंत ती दर रविवारी बसली. बत्तीस हजार ठिपके. चार रुंद, आठ उंच अशा प्रत्येक चौकटीत चारच रंग वापरता येतात, त्यातले दोन अख्ख्या चित्राला सामाईक. म्हाताऱ्या कातडीला चार रंग पुरत नाहीत हो. पण पुरवले. खाली नाव फक्त 'हात' असं लिहिलं.

तेव्हा माझी गोची अशी होती. बोट पुसलं तर आईला दिलेला एक शब्द मोडतो, कुणाचं ते सांगितलं तर दुसरा. आणि काहीच केलं नाही तर पस्तीस वर्षांची काविच उद्यापासून चोर.

भवनाची व्यवस्था बघणारी मार्गित मावशी पेपरिकाच्या मिरच्या घेऊन अंगणात आली. ती आईबरोबर कारखान्यात एका टेबलावर काम करायची, त्यामुळे तिला सगळं ठाऊक. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, मी सांगितलं.

"एवढंच ना? मी सांगते त्या टकल्या बोतोंदला. हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन गल्ल्या सोडून तर राहते तुझी आई रोझालिया. जा म्हणावं, मोज."

"मावशी, खबरदार! ते तू सांगायचं नाहीस. मीसुद्धा नाही."

"मग काय, चोर म्हणवून घेणार? आणि तिला कळणार नाही असं वाटतं का तुला? टॅब्लेट घेऊन बसली असेल. इथलं सगळं बघते ती."

"देझोचं संगीत ऐकते आणि पत्ते खेळत बसते."

"असं तुला वाटतं," मार्गित मावशी म्हणाली.

आमचा सगळा कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवतात. फिनलंडमध्ये, पोलंडमध्ये आमच्यासारखे वेडे बघत असतात. आईला देझोचं आवडतं. देझो दिवसा बस चालवतो आणि फावल्या वेळात दोनच सुरांत असं काही रचतो की तिसरा कुठून आला म्हणून माणूस मागे वळून बघतं. चार वाजता तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "मला सांगू नकोस. मी विचारतही नाही. पण तू बोट पुसलंस तर तुझ्याशी बोलणार नाही."

"पुसलेलं नाही."

"मग ठीक." त्यानं माझ्या ताटलीतला लेचो पावानं पुसून खाल्ला. त्याचं सांत्वन असंच असतं.

पाचला चित्रांची स्पर्धा सुरू झाली. खिडक्यांना काळे पडदे, पुढे मोठा पडदा, बाजूला देझोचं यंत्र संगीतासाठी जोडून ठेवलेलं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. खरं सांगते, तोपर्यंत माझा काही करायचा विचार नव्हता. गप्प बसायचं, सामान उचलायचं आणि पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

बोतोंद माइक घेऊन उभा राहिला. "सुरुवातीला एक सूचना. एक चित्र बाद केलेलं आहे. नाव घेणार नाही, पण नियम सगळ्यांना सारखे आहेत आणि कारण उघड असायला हवं."

आणि त्यानं चित्र लावलं. चार मीटर रुंद. आईचा हात, अर्धा अक्रोड, टेबलाची कड. आणि सहाव्या बोटाभोवती जाड लाल गोल.

"यंत्राची नेहमीची चूक," तो म्हणाला.

लोक हसले. सगळे नाही. पण पुरेसे हसले. असं हसू ऐकत माझी आई मोठी झाली होती, आणि आता ते मी तिला भर सभेत नेऊन ऐकवलं होतं. माझं डोकं फिरलं.

मी पुढे गेले. माझी फ्लॉपी स्वेटरच्या खिशात होती.

"देझो, यंत्र चालू कर. वायर त्या मोठ्या पडद्याला लाव."

"काविच, हे कार्यक्रमात नाही," बोतोंद म्हणाला.

"तुझा लाल गोलही नव्हता."

देझोनं आधीच बोतोंदच्या लॅपटॉपची वायर उपटली होती. मी फ्लॉपी घातली. चित्र यायला वेळ लागतो, ड्राइव्ह घरघरत राहतो. आमच्या लोकांत एक गोष्ट चांगली आहे, काही लोड होत असलं की कुणी बोलत नाही. सत्तर माणसं पडद्याकडे बघत गप्प बसली. मग ओळी ओळीनं हात आला, लाल गोलाशिवाय.

"टप्पे हवेत ना तुला?" मी जॉयस्टिक त्याच्यापुढे धरली. "घे. हवा तो भाग पूस. हवा तेवढा."

तो घुटमळला.

"पूस रे! चित्र यंत्रानं काढलंय म्हणतोस ना? मग तुझं काय जातंय?"

त्यानं पुसलं. सहावं बोट, करंगळी आणि तळव्याची अख्खी कड. त्या जागी काळंकुट्ट भोक पडलं. मी स्टूल ओढलं आणि बसले.

आधी काळ्यावर फिकट तपकिरी रेघ, करंगळीची बाहेरची बाजू. मग सावली, मग सांध्यावरच्या सुरकुत्या. जिथे बोट संपून टेबल सुरू होतं तिथे चौकट आडवी येते, पाचवा रंग हवा असतो आणि तो नसतो. तिथे टेबलाचाच एक रंग बोटाला उसना द्यावा लागतो. यंत्र हे करत नाही. माणूस करतो, आणि त्याला दरवेळी वाटतं की आपण पकडले जाऊ.

"टप्पा एक," मी न वळता म्हणाले. "लिहून घे, बोतोंद."

कुणीतरी खुसखुसलं. या वेळी मला ते लागलं नाही.

"टप्पा दोन."

तिसऱ्याला देझो माझ्याबरोबर म्हणाला. चौथ्याला मागची रांग ओरडली. पाचव्याला अख्खं सभागृह, "टप्पा पाच!" जॉयस्टिक एका वेळी एकच ठिपका सरकते, घाई करून उपयोग नसतो. सहावं बोट मी शेवटी घेतलं. चाळीस मिनिटं गेली असतील. सातवा टप्पा झाला तेव्हा लोक बाकांवर थापा मारत होते.

बोतोंद तसा माणूस वाईट नाही. त्यानं माइक घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे. तुला काढता येतं, याबद्दल वादच नाही. पण मूळ चित्र कुठून आलं? सहा बोटांचा हात तू यंत्राचं बघून काढला नाहीस कशावरून? घोडाही तू बघूनच काढला होतास. कुणाचा हात ते सांग, विषय संपला."

"गेल्या वर्षी तू ड्रॅगन काढलास. मी त्याच्या जन्माचा दाखला मागितला का?"

हशा झाला. पण तोही बिचकला नाही.

"ड्रॅगन खरा आहे असं मी म्हणत नाही. हा हात खरा आहे असं तू म्हणतेस."

आणि तिथे मी अडले. उत्तर जिभेवर होतं. दोन शब्द बोलायचे होते, 'माझ्या आईचा'. सत्तर माणसं वाट बघत होती, आणि मी तोंड उघडून तशीच बसले होते. शपथ खाल्लेल्या माणसाचा चेहरा चोरासारखाच दिसतो, हे मला त्या दिवशी समजलं.

"नाही सांगणार," मी म्हणाले. "बाद करायचं तर कर. बोट राहणार."

सभागृहाचं दार उघडलं. मार्गित मावशी ॲप्रनवरच आत शिरली, हातात फोन पुढे धरून, जसा काही तो गरम तवा होता.

"एनिको! तुझी आई आहे! मी काही बोललेले नाही, मेरीमातेची शपथ, तिनंच केलाय!" तिनं फोन माझ्याकडे दिला नाही. सरळ बोतोंदच्या माइकसमोर धरला.

"एनिको," आईचा आवाज चारही कोपऱ्यांतून आला. "हे काय काढलंस?"

"आई, मी..."

"ते बोट सरळ काढलंयस. माझं बोट सरळ आहे का? टोकाशी आत वळलंय. चार महिने समोर बसले होते, काय बघत होतीस?"

मी माइककडे बघितलं.

"आई, सगळे ऐकतायत."

"माहीत आहे. मीच मार्गितला म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं धर. कुठे आहे तो गोल काढणारा?"

बोतोंद फोनकडे वाकला. "मी इथे आहे, काकू."

"माझं आहे ते. जन्मापासून. या सहा बोटांनी तेवीस वर्षं जर्दाळूच्या बिया काढल्यात मी. तुझ्या आईनं तुला डब्यातला जर्दाळू भरवला असेल, तर तो माझ्या हातचा. पोट दुखलं होतं का तुझं?"

"नाही, काकू."

"मग झालं तर. बाजूला हो, तिला काम करू दे."

तो बाजूला झाला. मी पडद्याकडे बघितलं. आई बरोबर होती. रविवारी तिच्यासमोर बसून काढलेल्या चित्रात बोट वळलेलं होतं. इथे लोकांसमोर, मला कुणी काही न सांगता, मी ते सरळ केलं होतं. जरा नीटनेटकं, जरा चारचौघांसारखं. मुकादमानं हातमोजा दिला होता, बोतोंद पूस म्हणाला होता, आणि मी एवढ्या तावातावानं पुढे येऊन तेच केलं होतं. मला इतकी लाज वाटली की जॉयस्टिक हातातून सुटली.

देझोनं ती उचलून परत माझ्या हातात दिली.

"सांग, आई," मी म्हणाले. "किती वळवू?"

मी टोकाचा एक ठिपका आत घेतला. थेट प्रक्षेपण तिच्या टॅब्लेटवर अर्ध्या मिनिटानं पोचतं, त्यामुळे सत्तर माणसं तेवढा वेळ नुसती बसून राहिली.

"अजून," आई म्हणाली.

दुसरा ठिपका. पुन्हा अर्धं मिनिट. बोतोंदही पडद्याकडेच बघत होता.

"अजून. घाबरतेस कशाला?"

तिसरा घेतला. चौथा घेतला. या वेळी तिकडून बराच वेळ काही आलं नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मला वाटलं फोन बंद पडला.

"थांब," ती म्हणाली. "आता माझं आहे."